शेवटचा उकार

संताजीराव काटकरांना एक वेळचं जेवण चुकलं तरी चालायचं, बोलणं चुकलेलं चालत नसे. राजाजीनगरच्या एका कारखान्यात त्यांचा उभा जन्म लेथवर गेला. तिथं यंत्रांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडून, आणि तेही कन्नडात. त्यामुळे असेल, पण संध्याकाळी घरात पाय टाकला की दिवसभर कोंडून ठेवलेलं मराठी ते एकदम मोकळं सोडत. बायको अंबूबाई गेल्यावर ते ऐकायला दोघीच उरल्या. घरात त्यांना अण्णा म्हणणारी मुलगी चंदना, आणि रोज सकाळी फोनवर थोरली बहीण, आनेकलची सकवारबाई.

त्यांचं मराठी पुण्यामुंबईच्या माणसानं ऐकलं तर कान टवकारले असते. घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात उतरलं आणि इथलंच झालं. पिढ्यान्‌पिढ्या चहूकडून कन्नड. कन्नड जिभेला शब्दाच्या शेवटी टेकायला एक स्वर लागतो, म्हणून तिथं बसचा बस्सु होतो आणि रोडचा रोड्डु. ही खोड काटकरांच्या मराठीत कधी शिरली ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. अण्णांच्या तोंडी बस्सु होताच, पण आवाजु होता, घरु होतं आणि दाराचं दारु उघडायचं असायचं. पिण्याच्या दारूला त्यांच्याकडे सारायी म्हणत, त्यामुळे घरात कधी घोटाळा झाला नव्हता.

चंदना मारतहळ्ळीच्या एका मोठ्या आयटी कंपनीत होती, पण संगणकाच्या नव्हे, कचेरीच्या व्यवस्थेच्या खात्यात. लोकांची ओळखपत्रं, गाड्यांच्या फेऱ्या, कुणाचा एसी चालत नाही आणि कुणाची खुर्ची मोडली. दिवसभर कन्नड, इंग्रजी, हिंदी. कंपनीत मराठी माणसं भरपूर होती. तिनं सुरुवातीला हौसेनं एकदोघांशी मराठी बोलून पाहिलं. ती माणसं दोन वाक्यं ऐकत, हसू दाबत आणि तिसऱ्या वाक्याला हिंदीवर जात. कुणी मुद्दाम अपमान करत नव्हतं. आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसानं तोंडावर भाषा बदलली की काय होतं, हे मात्र तिला चांगलं ठाऊक झालं होतं. तिनं मराठी घरापुरतं ठेवलं.

मैत्रेयी भेटली ती चहाच्या यंत्रापाशी. फोनवर आईला सांगत होती, "अगं, कुरिअर आलं, पण चकल्यांचा पार भुगा झालाय."

चंदनाच्या तोंडून निसटलं, "भुगा झाला तर सारात घालून खायचा की मा."

मैत्रेयीनं फोन तसाच कानाला धरून वळून पाहिलं. "तुम्ही मराठी?"

"का? वाटत नाही?"

"छे, छे! पुन्हा बोला ना काहीतरी. प्लीज."

आणि ती हिंदीवर गेली नाही. चंदनानं तिच्यात पाहिलं ते एवढंच, आणि तिला तेवढं पुरलं. मैत्रेयी पुण्याची, भाषाशास्त्र शिकलेली. कंपनीत यंत्राला मराठी ऐकायला शिकवायचं काम जिथं चालायचं, तिथं ती होती. कोरमंगलात मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायची. पंधरा दिवसांत दोघी एकाच टेबलावर जेवू लागल्या. महिनाभरात चंदना तिला रविवारी राजाजीनगरला घेऊन आली.

अण्णांना तर घबाडच मिळालं. पुण्याची शिकलेली पोर पाटावर बसून हुरळीचं, कुळथाचं, सार ओरपते, वर वाढायला सांगते आणि आपलं बोलणं ऐकायला पुढं सरकते! त्यांनी कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, आनेकलच्या जत्रेच्या सांगितल्या. मध्येच थांबून म्हणाले, "आमचं मराठी स्वल्प वाकडं आहे मा. तू हसू नको."

"वाकडं कसलं, काका? शब्द झिजतात असं सगळे म्हणतात. पण काही शब्द वाढतातसुद्धा. ग्लासचा गिलास होतो, ब्रशचा बुरूश, स्टेशनचं इस्टेशन. जीभ जिथं अडखळते तिथं ती स्वतःच्या सोयीनं एक स्वर पेरते. तुमचा हा शेवटचा उ तसाच. आणि गंमत सांगू? शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठीत शब्दांच्या शेवटी उकार होताच. आम्ही तो घालवला. तुम्ही दुसऱ्या वाटेनं पुन्हा मिळवला."

अण्णा चंदनाकडे बघत राहिले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलीस? आमचं चुकत नाही म्हणते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सकवारबाईला फोनवर हेच सांगताना त्यांचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जात होता. "अक्का, जुन्या मराठीत असंच होतं म्हणे! पुण्याची पोर सांगत होती! मोठी शिकलेली आहे!"

मग मैत्रेयी रविवारी यायची ती एक छोटं यंत्र घेऊन. रीतसर विचारून ते मध्ये ठेवायची. "काका, तुमचं बोलणं साठवते. हे जपायला हवं." अण्णांना जपण्यासारखं काही आपल्यापाशी आहे, हेच नवीन होतं. ते शनिवारपासून आठवणी गोळा करायला लागत.

एका रविवारी त्यांनी अंबूबाईचा दिवस सांगितला.

तो दिवस चंदनानं कधी पुरता ऐकला नव्हता. कावेरीच्या पाण्यावरून शहर बंद होतं. ती आदल्या दिवशी म्हैसूरला गेली होती आणि तिथंच अडकली. परतली तेव्हा सगळं उरकलं होतं. अण्णांनी तेव्हा "हृदय थांबलं" एवढंच सांगितलं आणि तिलाही पुढं विचारायचा धीर झाला नाही. आज ते पुण्याच्या पोरीला सगळं सांगत होते. चंदनानं स्वयंपाकघरात नळ बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. रिकामे रस्ते, छातीला हात लावून चालणारी आई, इस्पितळाचं बंद फाटक. आतला रखवालदार दगडफेकीच्या भीतीनं कुलूप काढेना. अण्णा फाटकावर हात आपटत राहिले. शेवटी त्यानं उघडलं, तेव्हा अंबूबाई फाटकाच्या खांबाला पाठ लावून बसली होती. बसली ती बसलीच.

चंदना बाहेर आली तेव्हा मैत्रेयीनं अण्णांचा हात हातात घेतला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. ते अश्रू खोटे नव्हते. पुढं कितीतरी दिवस चंदनाला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला कोरमंगलातल्या मंडळानं मैत्रेयीचं भाषण ठेवलं. विषय, 'वाढणारे शब्द'. तिनं घरी येऊन विचारलं, "काका, तुमचा आवाज थोडासा ऐकवला तर चालेल ना?"

"ऐकव की! आम्ही येऊ?"

"यायलाच हवं."

अण्णांनी निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला काळा कोट काढला. तो आता खांद्यावर सैल झाला होता. चंदनानं इस्त्री केली. निघण्याआधी त्यांनी बहिणीला फोन लावला. "अक्का, सभेत माझा आवाजु ऐकवणार आहेत. होय, माझाच!" वाटेत ते चंदनाला विचारत होते, शाल देतील काय, दिली तर दोन शब्द बोलावे लागतील काय.

सभागृह भरलं होतं. रेशमी कुडते, नऊवारीतल्या मुली, दारात अत्तर. मंडळाचे कार्यवाह पद्माकर यांनी "या काका" म्हणत त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मुलांची गाणी झाली आणि मैत्रेयी उभी राहिली. ती छान बोलत होती. इस्टेशन, इस्कूल, जन्माचा जलम. लोक हसत होते, आपापल्या आजी-आजोबांच्या आठवणीनं माना डोलावत होते. अण्णाही डोलावत होते.

"आणि आता आपल्याच शहरातला एक आवाज ऐकू या," ती म्हणाली. "नाव सांगत नाही, खासगीपणा जपायला हवा. फक्त शब्दांच्या शेवटाकडे लक्ष द्या."

अण्णांनी कोपरानं चंदनाला ढोसलं. मोठ्या पेट्यांतून त्यांचा आवाज सभागृहात घुमला.

"त्या दिवशी बंदु होता मा. बस्सु नाही, आटो नाही, रोड्डुवर कुत्रं नाही. मी चालत चालत सर्कलुपर्यंत आलो. तिथून हास्पिटलु. बघतो तर गेटु बंद! वाचमनु आत बसलेला. मी हात आपटून आपटून ओरडलो, दारु उघडा! अहो, दारु उघडा की! दारु!"

'वाचमनु'पाशी हशा सुरू झालाच होता. 'दारु'ला सभागृह कोसळलं. अण्णा आधी हसले. चारचौघं हसले की माणूस हसतो, तसं. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, लोक कशाला हसताहेत ते बघायला. मागून कुणीतरी तरुण आवाजात ओरडलं, "काका, बंद आहे, आज ड्राय डे!" दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा उठला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

"वन्स मोअर!" कुणीतरी म्हणालं. मग चारी बाजूंनी, टाळ्यांच्या ठेक्यात, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मैत्रेयी मंचावर तोंडाला हात लावून हसत होती. तिनं एकदा पहिल्या रांगेकडे पाहिलं. चंदनाची आणि तिची नजरानजर झाली, अगदी झाली. चंदनानं मान हलवली, नको म्हणून. आणि मैत्रेयीनं बटण दाबलं.

दुसऱ्या वेळी अण्णा हसले नाहीत. ते खाली मान घालून ऐकत होते. "दारु! दारु!" नंतर आवाज तुटला. पुढचं वाक्य त्या सभागृहात तिघांनाच माहीत होतं.

नंतर बटाटेवडे होते. मैत्रेयी धावत आली, गाल लाल झालेले. "काका, तुम्ही तर स्टार झालात!" अण्णांनी हात जोडले. एकजण त्यांच्याबरोबर फोटो काढून गेला. पद्माकरांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं. शाल वक्त्यांसाठी होती.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. घराच्या दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, "चावि एल्लि?"

किल्ली कुठं आहे, एवढंच. चंदनाला वाटलं, गाडीवाल्याशी बोलता बोलता कन्नड तोंडात राहिलं असेल. आत आल्यावर तिनं भात टाकू का विचारलं. ते म्हणाले, "ऊट बेड." जेवण नको. त्या घराच्या भिंतींनी बाप-लेकीत कन्नड कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ते रागावलेले दिसत नव्हते. चहा मागत, बाजारातून काय आणायचं ते विचारत, पेपरातली बातमी सांगत. फक्त सगळं कन्नडात, आणि थोडक्यात. चंदना मराठीत बोलली की त्यांना समजायचं. उत्तर कन्नडात यायचं. कंपनीतली माणसं जशी तिसऱ्या वाक्याला भाषा बदलत, तसे तिचे वडील पहिल्याच वाक्याला बदलत होते.

ती मैत्रेयीसमोर जाऊन उभी राहिली. "ते कशाबद्दल होतं, तुला माहीत होतं."

मैत्रेयीचा चेहरा उतरला. "म्हणून तर मी काकूंचा उल्लेख येण्याआधीच कापलं गं. मला तेवढं कळतं. त्यातले शब्द सगळ्यात चांगले होते, एवढ्या कमी वेळात इतके उकार दुसरीकडे कुठंच नव्हते. आणि लोक प्रेमानं हसले, चंदना. कुचेष्टेनं नाही. जुन्या मराठीचं मी नंतर सांगणारच होते."

"सांगितलंस?"

"वेळ संपली."

"एकदा चुकून झालं म्हणू. दुसऱ्यांदा का लावलंस? मी मान हलवली, तू बघितलंस."

मैत्रेयीनं ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "हॉल रंगला होता गं."

एव्हाना तो तुकडा कुणाच्या तरी फोनवरून निघून गावभर झाला होता. कंपनीच्या लिफ्टमध्ये दोन पोरं दार मिटू लागलं की "दारु उघडा!" म्हणून ओरडायची आणि खिदळायची. तो आवाज कुणाच्या बापाचा, हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा चंदना त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये होती. ती आपल्या मजल्यावर उतरली आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. पोरांना काही बोलली नाही. काय बोलणार, आणि कुठल्या मराठीत?

मैत्रेयी रविवारी माफी मागायला आली. हातात पेढे, शाल आणि नारळ. चंदनाला तिला दारातूनच परत पाठवायचं होतं, पण अण्णा स्वतः उठले. "बन्नी, कूत्कोळ्ळी," या, बसा म्हणाले आणि पंखा लावला.

"काका, माझं चुकलं," मैत्रेयी म्हणाली. "मला तुमचं मन दुखवायचं नव्हतं. तुम्ही रागवा, बोला, पण माझ्याशी असं..."

अण्णांनी तिला शांतपणे ऐकून घेतलं. मग अदबीनं हात जोडले.

"मराठी गोत्तिल्ला, अम्मा."

बाहेरून आलेला प्रत्येकजण या शहरात पहिलं वाक्य शिकतो ते 'कन्नड गोत्तिल्ला', मला कन्नड येत नाही. रिक्षावाल्यापुढं, भाजीवालीपुढं, शेजाऱ्यापुढं मैत्रेयीनं ते हजारदा म्हटलं असेल. त्यामुळे हे वाक्य तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. चंदनानं चहा केला नाही. मैत्रेयी निघाली तेव्हा शाल खुर्चीवर ठेवून गेली. अण्णांनी ती दुसऱ्या दिवशी गल्ली झाडणाऱ्या बाईला दिली.

इथवर चंदना अण्णांच्या बाजूनं होती. पण सकवारबाईचं काय चुकलं होतं?

ती रोज सकाळी फोन करायची. "संता, उठलास काय रे? इडल्या खाल्ल्यास काय?" आणि भाऊ कन्नडात उत्तर द्यायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, शेजारी कुणी बसलं आहे. आठवड्यानं तिनं चंदनाला फोन केला. "काय झालंय गं त्याला? माझं काय चुकलं? परक्यागत बोलतो." चंदनानं सगळं सांगितलं. म्हातारीला सभा कळली, हसणं कळलं, पण त्याचा आपल्याशी संबंध काय, ते कळेना.

"ते हसले तर त्यांच्याशी बोलू नको म्हणावं. मी कधी हसले?"

शेवटी गुडघे धरत, मुलाला घेऊन ती राजाजीनगरला आली. भावासमोर खुर्ची ओढून बसली. "आईनं आपल्याला झोपवलं ते कुठल्या बोलीत, संता? ती वर गेली तर तिचा शब्दुही वर गेला काय?"

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "यार मेलू कोप इल्ल, अक्का." कुणावर राग नाही.

"माझ्याशी मराठी बोल!"

त्यांनी उठून पंखा वाढवला. सकवारबाई उठली. चंदनाच्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर तिचे फोन एक दिवसाआड झाले, मग सणावारी.

"अण्णा, ती म्हातारी आहे," चंदना एकदा ओरडली. "तिला कशाची शिक्षा?" त्यांनी पेपराचं पान उलटलं. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की अपमान ज्यांनी केला ते कोरमंगलात मजेत आहेत, आणि त्याची भरपाई आनेकलची म्हातारी करते आहे. पण तोंड मिटून बसलेल्या माणसाला हे कसं पटवायचं?

पावसाळा सरता सरता तिला आणखी एक गोष्ट दिसली. ऑफिसातून लवकर आली तर अण्णा मराठी बातम्या लावून बसलेले असत. आवाज अगदी बारीक. त्यांचे ओठ हलत. निवेदिका एक वाक्य बोलली की ते वाक्य ते पुटपुटत, आणि शेवटच्या शब्दापाशी ओठ घट्ट मिटून घेत. स्वर बाहेर पडू नये म्हणून, नळाची तोटी पिळून बंद करावी तसे. चंदनाची चाहूल लागली की टीव्ही बंद. तिला वाटलं, चला, मराठी परत येतंय. ती उंबऱ्यात उभी राहून हसलीसुद्धा. तेव्हाच पुढं होऊन त्यांना ओठ मिटण्यापासून थांबवलं असतं तर, असं नंतर तिला पुष्कळदा वाटलं.

दिवाळीनंतर सकवारबाईला अर्धांगाचा झटका आला. निरोप आला तसे दोघं निघाले. आनेकलच्या इस्पितळात दुपारी भेटायच्या वेळी आत सोडलं. म्हातारी शुद्धीवर होती, नजर धूसर झालेली. एका बाजूचं तोंड वाकडं झालं होतं, तरी शब्द कळत होते. ती मुलाला विचारत होती, "संता आला काय? संताला सांगितलं काय?"

अण्णा पलंगाशी वाकले. त्या सभेनंतर पहिल्यांदा ते मराठी बोलले. सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवत.

"अक्का, मी आलो आहे. तुला त्रास होत आहे का? काळजी करू नकोस. सर्व ठीक होईल."

एकाही शब्दाला कुठं जादा उकार नव्हता. प्रत्येक शब्द जिथं संपायला हवा तिथं बरोबर संपत होता. कोरमंगलाच्या त्या सभागृहात कुणी हसलं नसतं इतकं ते मराठी स्वच्छ होतं.

सकवारबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ओळख शोधत बघितलं, आणि मग नजर त्यांच्यावरून सरकून चंदनावर गेली. परक्या माणसासमोर बोलावं तशी ती दबक्या आवाजात, कन्नडात म्हणाली, "ई डाक्टरु यारु?" हे डॉक्टर कोण? आणि थोड्या वेळानं, "संता बरलिल्वा?"

संता नाही आला?

"आत्या, हेच अण्णा," चंदना म्हणाली. "बघ की! संताच हा!" ती अण्णांच्या दंडाला धरून हलवू लागली. "अण्णा, बोला ना! आपल्यासारखं बोला! आमचं बोला!"

अण्णांनी तोंड उघडलं. "अक्का, मी संत..." म्हणाले आणि अडले. स्वतःच्या नावाचासुद्धा शेवटचा स्वर त्यांनी भीतीनं गिळला होता. त्यांनी पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला, आणि घशातून नुसता आवाज आला. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. नर्सनं येऊन वेळ संपल्याचं सांगितलं.

सकवारबाई त्याच आठवड्यात गेली. तेराव्याला आनेकलच्या घरात माणसं जमली तेव्हा तिचा मुलगा सगळ्यांना कन्नडात सांगत होता, की अव्वानं, आईनं, शेवटपर्यंत संतामामाची वाट पाहिली, डोळे दाराला लागले होते. कुणीतरी विचारलं, मग मामा गेले नाहीत काय? तो म्हणाला, गेले होते, पण तिला ते आल्याचं कळलंच नाही. अण्णा चार हातांवर बसून हे ऐकत होते. त्यांच्या पानात वाढलेलं तसंच होतं.

मैत्रेयीनं कुठूनतरी ऐकून चंदनाला संदेश पाठवला. फार वाईट वाटलं, आत्यांचा आवाज साठवायचा राहून गेला. चंदनानं तो वाचला, आणि तिचं नाव फोनमधून काढून टाकलं.

घरी आल्यावर अण्णांनी चपला नीट जोडून ठेवल्या आणि अंधार पडला तरी दिवा न लावता खुर्चीत बसून राहिले. चंदनाला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्या मांडीवर डोकंही ठेवायचं होतं. यातलं काहीच जमलं नाही. दिवा लावून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. कन्नडात विचारावं की मराठीत, ते तिचं तिलाच कळेना. वाक्य तोंडाशी आलं आणि ते कुठं थांबवायचं ते आधी ठरवावं लागलं.

"अण्णा," शेवटी ती म्हणाली, "स्वल्प दही-भातु खाता काय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कुणी आजूबाजूला आहे की काय, अशी एक नजर खिडकीकडे टाकली. मग मान हलवली. होय की नाही, ते नीटसं कळलं नाही. ती तरी भात कालवायला आत गेली.